बाबांचा श्रद्धांजलीचा फ्लेक्स

लग्नाला बोलावल्याशिवाय जाऊ नये आणि मयताला बोलावण्याची वाट पाहू नये, हे मी लहानपणापासून ऐकत आले आहे. त्यातली ताकद मला पन्नाशी उलटल्यावर कळली, एका रविवारी सकाळी, आणि तीही माझ्याच गाढवपणामुळे.

सुरुवात बाबांच्या एका मित्राच्या दहाव्याला झाली. बाबांचं सगळं आयुष्य अंबडच्या कारखान्यात लेथ मशीनवर गेलं. आता वय एक्क्याऐंशी, पण सूतभर फरक अजून खपत नाही. दहाव्याला गेले तर समोर मित्राचा हार घातलेला फोटो, आणि फोटोत मित्राच्या खांद्यावर एक परका हात. मनगटावर घड्याळ, बोटात अंगठी. कुठल्याशा लग्नातल्या ग्रुप फोटोतून घाईघाईत कापलेला. व्यासपीठावर एक स्थानिक पुढारी, ज्याने मित्राला कधी पाहिलंही नव्हतं, माइक धरून वीस मिनिटं बोलला. बाबांचं भाषणाकडे लक्षच नव्हतं. ते त्या हाताकडे बघत बसले होते. घरी येऊन अंघोळ केली आणि जाहीर केलं, की माझं असं होता कामा नये.

पुढच्याच आठवड्यात ते दाढी करून, आईच्या शब्दांत ‘मुलगी पाहायला निघाल्यासारखे’ सजून स्टुडिओत गेले आणि फोटो काढून आले. मग मोर्चा फ्लेक्सवाल्याकडे वळला. आमच्या भागात हल्ली माणूस गेला हे डॉक्टरांच्या कागदावरून ठरत नाही, चौकातल्या फ्लेक्सवरून ठरतं. बाबांनी त्याला सांगितलं, नमुना तयार करून ठेव, तारखेची जागा रिकामी सोड, वेळ आली की मुलगी सांगेल. बिचारा फ्लेक्सवाला गोंधळला. त्याच्याकडे आजवर गिऱ्हाईक स्वतःच चालत आलेलं नव्हतं. आईने हे ऐकून आठवडाभर बाबांना ‘कैलासवासी’ म्हणून हाक मारली.

मी शाळेत शिकवते. आई-बाबा पहिल्या मजल्यावर, मी तिसऱ्या. बाबांना मोबाइलवरची बारीक अक्षरं दिसत नाहीत, म्हणून नमुना माझ्या फोनवर आला. शनिवारी रात्री जेवणं झाल्यावर मी तो वाचून दाखवला. फोटो फक्कड होता. खाली ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ आणि त्याखाली ‘शोकाकुल’ म्हणून घरच्यांची नावं. आधी पत्नी, मग मुलं, असंच सगळीकडे असतं. इथे पहिलं नाव माझ्या काकांचं होतं.

आता हे काका म्हणजे बाबांचे धाकटे सख्खे भाऊ. निफाड तालुक्यात गोदाकाठच्या आमच्या मूळ गावी राहतात, द्राक्षं पिकवतात. दोघांमध्ये अकरा वर्षं एक शब्द नव्हता. भांडण ना जमिनीचं, ना पैशाचं. त्यांच्या आईच्या दहाव्याचं.

आजी नाशकात आमच्याकडे असताना गेली. बाबांनी कुणाला न विचारता दहावा रामकुंडावर उरकला. सकाळी साडेदहाला सगळं आटोपलंसुद्धा. देशभरातून लोक रामकुंडावर येतात, आपण तर पाच किलोमीटरवर राहतो, मग गावी कशाला जायचं, हा त्यांचा हिशेब. गोदावरी, म्हणजे आमची गंगा, इथलीही तीच आणि गावातलीही तीच. काकांचं म्हणणं वेगळं होतं. पाणी तेच आहे, पण आईची माणसं तिकडे आहेत. जिने साठ वर्षं गावातल्या प्रत्येक मयताला भाकरी नेली, तिच्या दहाव्याला गाव नको? काकांनी प्रवचनकार ठरवले होते, वाडी-वस्तीवर निरोप गेले होते. आणि त्यांना कळलं काय, तर उद्या सकाळी आठला रामकुंडावर ये. ते आले, डोकं भादरून घेतलं, विधी होऊ दिला आणि मग घाटावरच भडकले. नुकतंच मुंडण झालेले, हुबेहूब सारखे दिसणारे दोन गोटे एकमेकांवर ओरडत होते, हे दृश्य मी विसरू म्हटलं तरी विसरणार नाही. काका शेवटी म्हणाले, तू मेल्याशिवाय तुझ्या दारात पाय ठेवणार नाही. बाबा म्हणाले, मग बघ वाट. एकाला झाकावं आणि दुसऱ्याला काढावं.

म्हणून ते पहिलं नाव वाचून मी थांबले. बाबांना विचारलं, हे तुम्हीच सांगितलं का? ते म्हणाले, ‘‘मग? माझ्यानंतर घरात मोठा तोच.’’ एवढं बोलून चष्मा पुसायला लागले.

अकरा वर्षं मंडपाच्या दोन टोकांना बसणारी ही माणसं, आणि बाबा गेल्यावर काकांना पहिला मान देणार. त्याचा बाबांना काय उपयोग, तेव्हा ते कुठे असणार? डोळे भरलेले असतानाच मी तो नमुना पुण्याला माझ्या धाकट्या भावाला पाठवला. निदान मला तसं वाटलं. भावाच्या नावाच्या बरोबर वर आमच्या ‘भाऊबंद’ ग्रुपचं नाव होतं. मी फोन चार्जिंगला लावला, शाळेच्या सवयीने आवाज बंद केलेलाच होता, आणि निवांत झोपले.

मला कुणी विचारेल की लोकांनी खात्री कशी केली नाही? आमच्याकडे मरणाची खात्री करत नाहीत. ‘खरं आहे का हो?’ असं विचारणं म्हणजे दुःखावर डागणी. बातमी आली की अंगावर असेल त्या कपड्यांनी निघायचं. पूर्वी निरोप्या यायचा, तो घरात न शिरता बाहेरूनच सांगून पुढच्या गावाला जायचा. आता ग्रुप आहे. शंभरेक हात जोडलेली चित्रं आली, मला फोनही बरेच आले, ते मी झोपेत घालवले. पुण्याच्या भावाने हा ग्रुप कधीच म्यूट करून ठेवलेला. बाबांच्या फोनवर मात्र एकही आला नाही. गेलेल्या माणसाला फोन कोण करतं?

सकाळी आठला बाबा दाढी करत होते. बेल वाजली म्हणून अर्ध्या तोंडाला साबण असतानाच त्यांनी दार उघडलं. दारात कारखान्यातला एक जुना सहकारी, हातात शेवंतीचा हार. त्याचं गाव आमच्या गावाला लागून, तिकडूनच त्याला कळलेलं. त्याने हार पाठीमागे लपवला आणि म्हणाला, सहज इकडून चाललो होतो. बाबांनी त्याला आत बसवून चहा दिला. पाच मिनिटांनी पांढऱ्या कपड्यांत आणखी तिघं आले, तेही सहज चालले होते. आईला शंका आली ती पाचव्या माणसाच्या वेळी, तो तिच्या कपाळावरचं कुंकू बघून दचकला तेव्हा.

गलका ऐकून मी खाली आले आणि फोन उघडून पाहिला. नमुना भावाला नाही, ‘भाऊबंद’ ग्रुपवर गेला होता. मी कबुली द्यायला तोंड उघडणार, एवढ्यात खाली पिकअप येऊन थांबली.

पिकअपमध्ये गावाकडची आठ-दहा माणसं होती. टपावर बांधलेले हिरवे बांबू, सुतळी, मडकं. शहरात धड तिरडी कोण बांधतंय, स्टीलच्या गाडीत घालून नेतील, म्हणून काकांनी पहाटे उठून स्वतःच्या बांधावरचे बांबू निवडून तोडले होते. सगळ्यांत आधी काकू वर आली. तिने हंबरडा फोडत आईला मिठी मारली. आईने ‘अगं, अगं’ म्हणेपर्यंत काकूला आईच्या खांद्यावरून बाबा दिसले, चहाचा कप घेऊन उभे. काकू आहे तिथेच खाली बसली.

काका बांबू सोडवून सगळ्यांत शेवटी आले. टोपी हातात. जिन्याच्या शेवटच्या पायरीवर पोचले आणि त्यांनी मान वर केली. दारात त्यांचा भाऊ उभा, अर्धा गाल साबणाने पांढरा. काका पायरीवर बसले आणि रडायला लागले. मोठ्याने, आवाज न आवरता. मी काकांना आजीच्या वेळीही असं रडताना पाहिलं नव्हतं. माझंही रडू थांबेना, पण त्यात इतका आनंद मिसळलेला होता की मला त्याची लाजच वाटली.

मी रडत रडतच माझी चूक सांगितली. कुणी ऐकलं असेल असं वाटत नाही.

‘‘आत ये,’’ बाबा म्हणाले.

काकांनी नाक पुसलं, उंबऱ्याकडे पाहिलं आणि मान हलवली. ‘‘न्हाई. शब्द दिलाय मी. तू हायेस अजून.’’

आता याला काय म्हणावं? भावाला खांदा द्यायला दीड तास धावत आलेला माणूस, भाऊ जिवंत आहे म्हणून दाराबाहेर. पण मला त्यांचा राग आला नाही, धास्ती वाटली. आता हा माणूस बांबू उचलून परत गेला, तर पुढच्या वेळी येईल तो खरोखरच्या निरोपावर. बाबांनाही तेच कळलं असणार. ते आत गेले नाहीत. बाहेर आले आणि गुडघे धरत काकांच्या शेजारी पायरीवर बसले.

मग काका समोर बघत म्हणाले, ‘‘पयलं नाव माझं टाकलंस तू.’’

‘‘मग कोणाचं टाकणार?’’

काकांनी हातातली टोपी उलटी-सुलटी केली.

‘‘आईच्या वेळी तुला विचारायला हवं होतं,’’ बाबा म्हणाले. ‘‘ती तुझीही होती. चुकलं माझं.’’

मी हे वाक्य बाबांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं. आईने तर नंतर मला विचारून खात्री करून घेतली. काकांनी टोपी तोंडावर धरली. बाबांनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला आणि जरा वेळाने खाकरून म्हणाले, ‘‘आणि शब्दाचं म्हणशील तर अख्ख्या भाऊबंदांत मी काल रात्रीच गेलोय. सगळ्यांनी हात जोडून झालेत. तुझा शब्द काही मोडत नाही. चल.’’

आधी काका हसले, टोपीच्या आडून. मग काकू, मग सगळा जिना.

तरी आत जाणं सोपं नव्हतं, कारण आता आई दारात आडवी आली. मेल्याची खोटी बातमी आली की आयुष्य वाढतं, हे सगळेच सांगत होते, पण दृष्ट काढल्याशिवाय ती ऐकणार नव्हती. तिने दोघा भावांवरून भाकरतुकडा ओवाळून टाकला, पायांवर पाणी घातलं, तेव्हा काकांचा पाय अकरा वर्षांनी उंबऱ्याच्या आत पडला. त्यानंतर प्रश्न आला पिठलं-भाकरीचा. मयताच्या घरी चूल पेटवत नाहीत, म्हणून काकूने पहाटे वीसेक माणसांचं रांधून आणलेलं. हे जेवण या घरात खायचं कसं? आई म्हणे, दुःखाचं अन्न शिवायचं नाही. काकू म्हणे, अन्न फेकायचं नाही. दोघींचंही बरोबर होतं. शेवटी भाऊबंदांतल्या सगळ्यांत वयस्क म्हाताऱ्याने निकाल दिला, की प्रत्येक ताटात गुळाचा खडा ठेवा, म्हणजे कडू घास राहत नाही. ही रीत कुठल्या पोथीत आहे असं कुणी विचारलं नाही. मला वाटतं बाकीच्या सगळ्या रीतीही अशाच कुणीतरी, भुकेच्या वेळी, दारात उभ्या राहिलेल्या माणसांसाठी काढल्या असतील.

जेवणं मजेत झाली. हारवाल्या सहकाऱ्याने हार शेवटी देवाच्या फोटोला घातला. बाबांनी खाली जाऊन बांबू पाहिले, डोळ्यासमोर धरून तपासले आणि त्यातला एक बांबू दोन सूत वाकडा आहे असा शेरा मारला. काका म्हणाले, आडवं पडल्यावर तुला काय कळणार होतं? आई ओरडली, पण तीही हसत होती. ते बांबू पुढे गच्चीत कारल्याच्या वेलाच्या मांडवाला लागले.

चारच्या सुमारास गावाकडची मंडळी निघाली. मयताला आलेला माणूस जाताना ‘येतो’ म्हणत नाही. गुपचूप उठतो आणि मागे न बघता चालू लागतो. काकांनी पायात चपला घातल्या आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, ‘‘येतो, दादा.’’ चार पायऱ्या उतरले, परत वर आले, पुन्हा म्हणाले, ‘‘येतो.’’

तिसऱ्यांदा म्हणाले तेव्हा बाबांनी उत्तर दिलं नाही. खुंटीवरचा शर्ट चढवला, दाराजवळच्या चपला सरकवल्या आणि काकांच्या मागोमाग जिना उतरून पिकअपमध्ये पुढच्या सीटवर जाऊन बसले. आई गॅलरीतून विचारत राहिली की गोळ्या घेतल्या का, कधी परत येणार. त्यांनी नुसता हात हलवला.

दिवेलागणीला काकूचा फोन आला. दोघं उतरल्या उतरल्या गंगेवर गेलेत, घाटाच्या पायरीवर बसून आपल्या आईच्या गोष्टी काढतायत, आणि काकू जेवायला हाका मारून थकली आहे.