काकीच्या आवाजातल्या रिकाम्या जागा

थांबा, चहा ठेवा बाजूला, हे मला आत्ताच्या आत्ता सांगायचंय!

मी कणकवलीला भाषाशास्त्र शिकते. गेल्या महिन्यात आमच्या बाईंनी आवाज मोजायचं सॉफ्टवेअर दाखवलं. म्हणाल्या, बोल काहीतरी. मी म्हटलं, "काकी." स्क्रीनवर करड्या रंगाचे पट्टे उमटले, पण मध्येच एक पांढरी फट. मला वाटलं माईक खराब.

"तो क आहे," बाई म्हणाल्या.

क म्हणजे शांतता! क म्हणताना क्षणभर आवाज अडतो, मग सुटतो, आणि सुटताना एक बारीक उभी रेघ पडते. एवढी वर्षं मी बोलतेय आणि मला पत्ताच नाही!

मी लगेच प्रकल्प ठरवला, आमच्या तोंडवलीच्या मालवणीतले स्वर. बाईंची अट एकच. शुक्रवारपर्यंत एका माणसाचं घरगुती बोलणं आण, नाहीतर विषय बदल.

शेजारची काकी सुकी मासळी विकते आणि दिवसभर बोलते. बुधवारी तिच्या घरी गेले. खिडक्या बंद, पंखा बंद, आवाज घुमू नये म्हणून भिंतीला गोधड्या. माईक बघून काकी आत गेली ती नवी साडी नेसून, पावडर लावूनच आली.

"नमस्कार. मी आज आपल्याला सुक्या बांगड्याविषयी माहिती देणार आहे."

"काकी, मालवणीत बोल गो!"

"मायकासमोर मालवणी? लोक हसतले माका!"

अर्धा तास घामाने निथळत ती तहसील कचेरीत बोलावं तसं बोलली. 'सदर मासळी' म्हणाली! शेवटी हरून मी म्हटलं, "रवांदे गो काकी, नको आता." गोधड्या काढल्या, खिडकी उघडली. विषय गेलाच होता माझा, मला रडूच फुटलं. तेवढ्यात अंगणातल्या बांगड्यांवर मांजर आलं. काकी त्या मांजरावर अशी काही तुटून पडली की विचारू नका. मग मला सोलकढी दिली आणि लग्नावरून माझ्यावर घसरली, "असलां यंत्र घेवन फिरतंस, तुका नवरो खंय गावतलो गो?" जेवेपर्यंत सोडलं नाही.

घरी येऊन बघते तर रेकॉर्डर चालूच! रडण्याच्या नादात बंदच केला नव्हता.

फाईल उघडली. भाषणात काकीच्या आवाजाची पट्टी दाखवणारी रेष जवळजवळ आडवी, फूटपट्टीने मारल्यासारखी. मांजर आल्याबरोबर ती सरळ वर चढली, मग सोलकढी देताना हळूहळू खाली आली. आणि तिच्या 'आ'चे पट्टे! काळेभोर, रुंद, स्वच्छ. मी हात लावायलाही घाबरत होते. हिला जन्मापासून ऐकत आले, पण बघितलं पहिल्यांदाच.

पण हे तिला न विचारता घेतलेलं. ती नको म्हणाली तर पुसायचं, असं ठरवून गुरुवारी सकाळीच लॅपटॉप घेऊन गेले. सगळं सांगितलं. काकी स्क्रीनला नाक लावून बघत राहिली.

"हो माजो आवाज?"

"होय."

"आणि हयसर काय नाय तां?" तिने एका पांढऱ्या फटीकडे बघत विचारलं.

"थंय तुझो आवाज बंद झालो, काकी. इतकोसोच."

"माजो आवाज बंद झालो?" ती हसून हसून खाली बसली. "काकांक दाखय आधी! खरां वाटाचा नाय तेंका."

मग तिने बोट त्या पांढऱ्या फटीवर ठेवलं, तसंच राहू दिलं. म्हणाली, "परत लाव." पाच वेळा लावलं.

"ने. पण माजराक घातलेल्यो गाळयो तेवढ्यो काढ."

काढल्या. सगळ्यात सुंदर आ त्यांच्यातच होता, पण काढला. शुक्रवारी बाईंनी हेडफोन लावला, सोलकढीपर्यंत ऐकलं आणि माझ्या विषयापुढे सही केली.

आता काकीशी बोलताना मला शब्दांमधल्या त्या फटी ऐकू येतात. तुम्ही सांगा ना, रोजच्या ऐकण्यातला एखादा आवाज असा अचानक समोर दिसलाय का तुम्हाला कधी?