कपाटातली दोन काडतुसं

माझं माहेर नाशिक शहरातलं. लग्न होऊन सायखेड्याजवळच्या गोदाकाठच्या गावात आले, तेव्हा सासरी कौतुक कशाचं, तर बंदुकीचं. मामंजी पूर्वी पोलीस पाटील होते, म्हणून पिकाच्या राखणीसाठी त्यांना बाराबोरचं लायसन मिळालं होतं. उसात, हरभऱ्यात रानडुकरं शिरायची. अख्ख्या गावात बंदूक ही एकच, त्यामुळे ज्याच्या रानात डुकरं दिसली तो संध्याकाळी आमच्या ओट्यावर येऊन बसायचा. मामंजी चहा संपवून उठायचे, त्याच्या बांधावर जाऊन हवेत एक बार टाकायचे, की आठ-दहा दिवस डुकरं तिकडं फिरकत नसत. त्या बंदुकीनं डुक्कर मेलेलं मी तरी कधी पाहिलं नाही. सगळं काम आवाजाचं होतं.

मग एकाहत्तरची लढाई आली. आमचे हे ओझरच्या विमानाच्या कारखान्यात, त्यांचा रविवारसुद्धा गेला. लढाई पंधरवड्यात संपली, गावात पेढे वाटले. मामंजी काडतुसं आणायला नाशिकला गेले, ते रिकाम्या हातानं परत आले. दुकानदार म्हणाला, कारखान्यातून निघतं ते सगळं फौजेला जातंय. आता आधी फौजेची कोठारं भरणार, मग उरलंच तर तुम्ही. पुढच्या महिन्यात गेले, तरी तेच उत्तर. घरात दोन काडतुसं उरली होती. मामंजींनी ती फडक्यात गुंडाळून लोखंडी कपाटात माझ्या साड्यांखाली ठेवली. "आपला ऊस अजून उभा आहे," एवढंच म्हणाले. त्यात त्यांचं काही चुकलं असं मी आजही म्हणणार नाही. माणूस आधी आपलं बघतोच.

आमच्या भिंतीला भिंत लागून एक घर होतं. नवरा-बायको आणि पाच वर्षांचा एकुलता एक मुलगा. घरधन्याला मी भाऊजी म्हणायची. मला तेव्हा मूल नव्हतं, आणि तो पोरगा जेवायला आमच्याकडे, झोपायला तेवढा आईकडे. भाऊजींचा हरभरा घाट्यावर आला आणि डुकरांनी त्यात धिंगाणा मांडला. दिवेलागणीला भाऊजी ओट्यावर आले. मामंजी आतल्या खोलीत बाजेवर पडले होते. मला हळूच म्हणाले, "सूनबाई, संपली म्हणून सांग."

इतका राग आला मला. खोटंच बोलायचं तर स्वतः उठून बोला ना, माझं तोंड कशाला विटाळता? पण हे सगळं मनातल्या मनात. बाहेर गेले आणि सरळ सांगितलं, "भाऊजी, काडतुसं संपली हो. लढाईमुळं दुकानातच येत नाहीत."

भाऊजी म्हणाले, "तुम्ही सांगता म्हंजी संपलीच असतील, वहिनी. दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर इस्वास नसता ठेवला. चला, डबा वाजवून बघतो."

पत्र्याच्या डब्याला डुकरं एव्हाना सरावली होती. पहाटे भाऊजींना बैलगाडीत घालून आणलं. डुकरानं मांडी उभी फाडली होती. नाशिकच्या सिव्हिलमध्ये दीड महिना काढला. पाय राहिला, पण वाळला आणि आखूड झाला. ते पुन्हा कधी औतामागं चालले नाहीत.

गाव गप्प बसतं होय? आमच्या दारासमोरच्या पारावर कुणीतरी बोललं, पाटलाच्या घरात काडतुसं होती, दडवून ठेवली. भाऊजी नुकते काठीवर हिंडायला लागले होते. मी दारात तांदूळ पाखडत होते, सगळं माझ्यासमोर झालं. त्यांनी पोराला जवळ ओढलं, त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि चारचौघांत म्हणाले, "ह्या पोराची शप्पथ, त्यांच्या घरात एकबी काडतूस नव्हतं. असतं तर वहिनींनी दिलं असतं."

मी मॅट्रिक झालेली, शपथा-बिपथांना हसणारी बाई. पण त्या दिवसापासून हसणं विसरले. माझ्या शब्दावर त्या माणसानं पोटच्या पोराच्या डोक्यावर खोटी शपथ घेतली होती, आणि ते त्याला ठाऊकसुद्धा नव्हतं. तेव्हाच उठून बोलायला हवं होतं. मूग गिळून बसले.

आणि ती दोन काडतुसं? पावसाळ्यात त्यांची कागदी कवचं ओल धरून फुगली. मामंजींनी घालून पाहिली, बंदुकीच्या नळीत शिरेनात. शेवटी नदीत टाकून आले. आमच्याही उसाला त्यांचा उपयोग झाला नाही.

पुढं मला दोन मुली झाल्या, मामंजी गेले, बंदूक ठाण्यात जमा झाली. माझा जीव मात्र शेजारच्या पोरात अडकलेला. त्याला गोवर आला, मी त्याच्या उशाशी. नदीवर पोहायला गेला की मी कडेला उभी. त्याची आई म्हणायची, "तुमचा लय जीव हाय पोरावर." जीव होताच. पण त्याहून मोठी होती ती त्या शपथेची भीती, आणि ती कुणाला सांगायची?

पोरगा एकोणीस वर्षांचा झाला आणि फौजेत भरती झाला. मनमाडला गाडी धरायची म्हणून सकाळच्या एसटीनं निघाला. हार घातले, बायकांनी ओवाळलं. माझी पाळी आली तेव्हा मी ताट दुसरीच्या हातात दिलं. एसटी गेली, माणसं पांगली. त्याची आई बायकांबरोबर पुढं गेली, आणि लंगडणाऱ्या भाऊजींच्या चालीनं मी मागं राहिले. तिथंच रस्त्यात मी सगळं सांगून टाकलं. कपाट, साड्या, दोन काडतुसं, सगळं.

भाऊजी थांबले. आता शिव्या देतील, पायाचं विचारतील, म्हणून मी मान खाली घातली.

"पायाचं जाऊ द्या, वहिनी," ते म्हणाले. "पाय माझा व्हता. पन मी पोराच्या डोक्यावर हात ठेवला व्हता. इतकी वर्सं गप राह्यल्या, आन् आज सांगता, त्यो गेल्यावर? आता शप्पथ सोडवू कुनाच्या डोक्यावर हात ठेवून?"

मग वळले आणि तो वाळका पाय ओढत स्टँडकडे चालायला लागले. जमेल तेवढ्या वेगानं. मी मागून हाका मारल्या, ते थांबले नाहीत. एसटी केव्हाच पुलापलीकडे गेली होती.