भरिताच्या पंगतीतला पूर

चरित्रकार सत्याच्या शोधात आयुष्य वेचतो. आमच्याकडे हा शोध हिवाळ्यात चाले, कारण जळगावची भरिताची वांगी तेव्हाच चांगली मिळतात.

ज्याचं चरित्र लिहायचं, त्याच्या जुन्या सोबत्यांना माझे यजमान शेतावर भरीत खायला बोलावत. वांगी कपाशीच्या वाळल्या पऱ्हाटीच्या जाळावर आणि माणसं वांग्यांभोवती. एका दिवंगत शिक्षणसंस्थापकाचे सोबती असेच जमले. एक म्हणाला, हा गडी पांझरेचा पूर पोहून मॅट्रिकच्या पेपराला गेला. दुसऱ्यानं पाणी वाढवलं. भाकरी येईपर्यंत सगळेच काठावर उभे होते.

"परीक्षा मार्चात. तेव्हा पूर कुठला?" मी विचारलं.

"अवकाळी होता, वहिनी."

घरी येताना हे म्हणाले, "इतके साक्षीदार खोटं बोलतील?"

"एकाच पंगतीतले आहेत."

पुस्तकाला मोठा पुरस्कार मिळाला. मानपत्रात पुराचा खास उल्लेख होता. तो निवेदकानं दोनदा वाचून दाखवला.

मग आम्ही धुळ्याला, देवपुरात, त्या संस्थापकाच्या थोरल्या बहिणीला पुस्तक द्यायला गेलो. वाढणारी मी सोडले तर भरिताला बायकांना बोलावत नसत, त्यामुळे अक्कांना कुणी काही विचारलंच नव्हतं. घरात पुस्तक आधीच पोचलं होतं. बारावीला गणितात नापास झालेली त्यांची नात कोपऱ्यात मान खाली घालून बसली होती.

"पूर कसाना, भाऊ?" अक्का म्हणाल्या. "मार्चमा नदीमा वाळू शे. मन्हा भाऊले पोहताबी येत नव्हतं. चालत गया, गणितमा नापास व्हयना. दुसरा साले पास व्हयना."

यांनी चहा खाली ठेवला.

"बठ्ठा काका-मामा या पोरले तुमनं पुस्तक दाखाडतस. तो पूरमाईन गया, तुले गणित जमत नही? पोर धड जेवत नही, भाऊ. तो नापास व्हयना ते लिखा."

नातीनं पहिल्यांदाच मान वर केली. "आजोबा खरंच नापास झाले होते?"

"अन् मार बी खादा," अक्का म्हणाल्या.

परतीच्या वाटेवर पारोळ्याला हे म्हणाले, "मानपत्राचं काय करायचं?"

"भिंतीवर आहे, राहू दे. प्रकरण बदला."

त्यांनी ते आठवड्यात नव्यानं लिहिलं. पूर गेला, वाळू आली, गणित आलं, मारही आला. त्यांनी लिहिलेलं हे सर्वांत चांगलं प्रकरण आहे, आणि हे मी सहसा म्हणत नाही. नातीचा दोनदा फोन आला, पुस्तक कधी येणार म्हणून. काका-मामांना छापलेलंच दाखवायचं आहे, हातानं लिहिलेलं ते मानत नाहीत.

प्रकाशकांनी बदल आनंदानं मान्य केला. तो दुसऱ्या आवृत्तीत येईल. पहिली अजून संपलेली नाही.