गरमीवर गरमी

मामीच्या लेखी जगात दोनच प्रकारच्या वस्तू होत्या, गरम आणि थंड. पपई गरम, ताक थंड, इथवर कोणीही मानेल. पण तिच्या हिशेबी लाल लुगडंसुद्धा गरम होतं आणि माझी आई, म्हणजे तिची नणंद, तर फारच गरम. ते ऐकून आईही हसायची.

लग्नाआधी मी लांजीला मामाकडे राहत होते. भाताच्या रोवण्याच्या दिवसांत मामी सकाळपासून चिखलात वाकलेली असायची. संध्याकाळी परतली की पाय शेकायची आणि बायांबरोबर वाटीभर मोहाची दारू घ्यायची. हाडात शिरलेलं पाणी गरमीनंच निघतं, म्हणायची. बाजाराच्या दिवशीही घ्यायची, तेव्हा मात्र कारण सांगत नसे.

चौथ्या बाळंतपणात ती जेमतेम वाचली. पुन्हा दिवस गेले तर जिवावर बेतेल, असं बालाघाटच्या डॉक्टरांनी मामाला बजावलं. मामा ऑपरेशनला घाबरत होता. मग गावच्या नर्सबाईंनी मामीला पाळणा थांबवायच्या गोळ्या आणून दिल्या. पाकीट पोरांच्या हाती लागू नये म्हणून ती ते तांदळाच्या कोठीत ठेवायची आणि देवाजवळ दिवा लावून झाला की गोळी घ्यायची. "मले मरायचं नाही," ती एकदा मला म्हणाली, "पोट्टे लहान हायेत." त्या दिवशी ती हसली नाही.

गोळ्या नीट घेतेस ना, असं नर्सबाई विचारत, तेव्हा मामी ठासून हौ म्हणायची. तरी दिवाळीच्या सुमारास कळलं की तिला दिवस गेलेत, आणि तोवर मूल पाडायलाही उशीर झाला होता.

नर्सबाई चिडूनच आल्या. मामीनं कोठीत हात घालून कागदाची पुडी काढली. आत उरलेल्या गोळ्या होत्या.

"एकबी फेकली नाही, बाई. ज्या दिवशी मोहाची घेतली, त्या दिवशी गोळी ठेवून देल्ली. गरमीवर गरमी कशी चालन?"

नर्सबाईंनी गोळ्या मोजल्या. मोहाची घेतलीस तरी गोळी सोडायची नव्हती, एवढंच त्या म्हणाल्या. मामीनं पुडी पुन्हा नीट बांधली.

वैशाखात मामी गेली. मूलही राहिलं नाही. इतकी जपून वागणारी बाई मी दुसरी पाहिली नाही, आणि त्याचंच मला अजून रडू येतं.

तेराव्याला नर्सबाई आल्या. अंगणात रोवण्याच्या बाया बसल्या होत्या. दारू घेतली तरी गोळी चुकवू नका, असं त्यांनी एकेकीला सांगितलं. बायांनी माना डोलावल्या. मग एकीनं हळूच विचारलं, "पण बाई, गरमीवर गरमी नाही होणार?"

मामीनं हे एकदा तरी विचारायला हवं होतं.