चर्चा बंद करावी, अशी सूचना

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. आता घरात एकटाच असतो — बोलायला कुणी नाही. म्हणून तुम्हाला सांगतोय.

सत्तर सालानंतरची ती वर्षं. भवानी पेठेतल्या विणकरांच्या एका सोसायटीत मी सचिव होतो. पगारी माणूस. कुणी कधी बोलायचं, चर्चा कधी बंद करता येते — सभेचे नियम तोंडपाठ. त्याचा थोडा तोराही होता.

नरसव्वा आमची सभासद. नवरा वारल्यावर माग तीच चालवायची. घरात तेलुगू, मराठी जेमतेम. त्या वर्षी अध्यक्षांनी ठराव आणला — ज्या घरात विणणारा पुरुष नाही, त्या घराला सोसायटीकडून मिळणारं सूत बंद. ती माझ्याकडे आली. मी म्हटलं, सभेत बोला, लोक ऐकतील. काय बोलायचं तेही आठवडाभर शिकवलं. हे अध्यक्षांना कळलं तर? — ही भीती मात्र मी तिच्याजवळ बोललो नाही.

रविवारी दुपारी सभा भरली. तिच्या आधी दोघं ठरावाविरुद्ध बोलले आणि लोक विचारात पडले. तेवढ्यात कमिटीतला एकजण उठला. चर्चा बंद करून ठराव मताला टाकावा, म्हणाला. आधी या सूचनेवरच मतं घ्यायची होती, आणि ती मंजूर व्हायला दोन तृतीयांश हात लागत. अध्यक्षांनी मला मोजायला सांगितलं.

मी मोजले. एक कमी पडत होता.

आणि मागच्या रांगेत नरसव्वाचा हात वर होता. बोलायचं असलं की हात वर करायचा — मीच सांगितलं होतं ना? तिला वाटलं, आता आपली पाळी. नजर माझ्यावरच. मला कळलं नाही का? कळलं. चांगलं कळलं. एक शब्द बोललो असतो तर चर्चा चालू राहिली असती. पण अध्यक्ष माझ्याकडे पाहत होते —

मी तो हात मोजला. सूचना मंजूर, असं खणखणीत आवाजात सांगितलं. पाठोपाठ ठरावही झाला.

लोक पांगायला लागले तशी ती जवळ आली.

"सायेब, माजं नाव कवा पुकारनार?"

"वेळ संपली," मी म्हटलं.

सूत बंद झालं. तिनं माग विकला, विड्या वळायला लागली. रस्त्यात दिसली की थांबून नमस्कार करायची. मी घाईत असल्यासारखा पुढे जायचो.

पुढे बऱ्याच वर्षांनी माझी बायको वारली. तिसऱ्या दिवशी नरसव्वा पिठलं-भाकरी घेऊन दारात. बसलेल्या पाहुण्यांना म्हणाली, "या सायबांनी आमच्यासाठी लई केलं. आमचंच नशीब न्हवतं."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. सगळ्यांना वाटलं, बायकोसाठी रडतोय. मी तसंच वाटू दिलं.