नावं लिहून घेणारी अक्का

“लिव रं, मी इसरायच्या आत!” दुकानाच्या पायरीवर चपला काढता काढताच अक्काचं सुरू व्हायचं.

सांगलीत माझं टायपिंगचं दुकान आहे. अक्का जोगती होती. मुलगा म्हणून जन्मली, सोळाव्या वर्षी देवीचे मोती गळ्यात बांधून घेतले आणि लुगडं नेसली, ते कायमचं. असे जोगते आपल्याकडं पिढ्यानपिढ्या आहेत. मंगळवारी-शुक्रवारी डोक्यावर देवी घेऊन दारात येतात, आपण सूपभर जोंधळे घालतो, पाया पडतो. त्यांचं नाव तुम्ही-आम्ही कधी विचारलं?

अक्काला ती नावंच लिहून ठेवायची होती. कुणी कुणाला मोती बांधले, कोण कुठली गाणी म्हणायचं, सगळं.

“आमच्यातलं कुणी मेलं की घरचं येत्यात, शर्ट-पँट घालत्यात, जुन्या नावानं जाळत्यात. म्हंजी आमी कवा हुतोच न्हाई!”

“पण अक्का, हे वाचणार कोण?”

“तू वाचतुयास न्हवं? एक झाला.”

तिची गुरुबहीण शिरवळला वारली. दहाव्यानंतर तिचं नाव-गाणी लिहून घ्यायला आम्ही दोघं तिच्या घरी गेलो. भाऊ दारातच म्हणाला, “आमच्यात असलं कुणी नव्हतं. निघा.”

अक्का पायरीवर बसली. “लांबनं आलोय. पानी तरी पाजा.”

तो आत गेला तो आलाच नाही. ऊन अंगावर आलं तसा मी उठलो. अक्कानं मनगट धरून मला खाली बसवलं. बऱ्याच वेळानं म्हातारी आई तांब्या घेऊन बाहेर आली आणि अक्काच्या गळ्यातल्या मोत्यांकडं बघत राहिली.

“शेवंता,” ती म्हणाली. “सोताला शेवंता म्हनायची. मी येकदाबी तशी हाक मारली न्हाई गं.”

मग ती तिथंच टेकली आणि लेकीची गाणी आठवेल तशी सांगू लागली. भाऊ मागं येऊन उभा राहिला होता. त्यानं आईला अडवलं नाही.

“लिव,” अक्का मला म्हणाली.

या सगळ्या नावांचं पुस्तक छापून झाल्यावर ती स्वतः गावोगावच्या वाचनालयांत ते देत फिरली. एका ग्रंथपालानं विचारलं, “हे कुठल्या कपाटात ठेवायचं?”

“आवं, देवाधर्माच्या! आनि कुठल्या?”

शेवटच्या आजारात कुंडल गावच्या तिच्या भावाच्या मुलानं तिला घरी नेलं. सेवा मनापासून केली, पण हाक ‘काका’ अशीच मारायचा. ती गेल्यावर नव्या आवृत्तीसाठी मी तिचं पान लिहिलं आणि त्याला दाखवायला गेलो. त्यानं ते दोनदा वाचलं. शेवटच्या ओळीत मी लिहिलं होतं, ‘मागे एक पुतण्या आहे.’

त्यानं माझ्या खिशातलं पेन काढून घेतलं, ‘पुतण्या’ खोडलं आणि वर ठळक अक्षरात लिहिलं, ‘भाचा’.