नाव नसलेला फॉर्म

मैत्रिणींनो, आज दुपारी आमच्या रोहणा गावात परदेशी निधीवर चालणाऱ्या एका संस्थेची बैठक झाली. विषय होता बाईचा स्वतःच्या शरीरावरचा हक्क.

संस्थेच्या ताईंनी फॉर्म वाटले. "नाव लिहायचं नाही, मोकळेपणानं खरं सांगा."

पहिलाच प्रश्न: नवऱ्याला नाही म्हणता येतं का?

शेजारच्या काकूंनी माझा पेन धरला. "थांब माय. हजेरीच्या कागदावर तुह्या सहीसमोर सतरा नंबर हाये, अन् या फॉर्मावरबी सतराच. काऊन?"

मी ताईंना विचारलं. त्या हसल्या. "वर पाठवावं लागतं ना."

मग सगळ्यांनी गुपचूप ‘हो’वर खूण केली. अहवालात आमचं गाव सुखी निघेल.

माझं खरं उत्तर मी इथेही लिहिणार नाही. आपल्या या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपात कुणाकुणाचे नवरे वाचत बसलेत, सांगता का?